सरजाबाईंच्या छातीतला नाग

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी लिंबाच्या झाडाला दोन एक्स-रे टांगले होते आणि लोक त्यांच्या पाया पडत होते.

फिल्मच्या पाठीमागून ऊन यावं अशा बेताने दोरी बांधलेली. दोन्ही फिल्मना झेंडूचा एकेक हार, वर हळदकुंकू. खाली दुधाच्या वाट्या, वाट्यांत माश्या. रांग थेट रस्त्यापर्यंत गेली होती. भाजीवाल्या बायकाही पालं सोडून रांगेत उभ्या राहिल्यामुळे बाजारात वांगी होती, पण विकायला कुणी नव्हतं.

"नीट बघा, माय," बाजेवर बसलेले पंडित महाराज वेळूच्या काडीने फिल्मवर दाखवत होते. वर्गात मी दाखवते अगदी तसंच, फक्त जास्त आत्मविश्वासाने. "ही शेपटी. हे वेटोळं. काळजाला विळखा घालून वर आलाय. आन हा फणा. फण्यावर काय हाय?"

"मणी," रांगेतून आवाज आला.

"मणी. मशीन कुणाची? सरकारची. सरकारी मशीनीत नागोबा दिसायलाय, अजून काय पुरावा पायजे? हा जानेवारीतला फोटू. नाग डाव्या अंगाला. हा गेल्या हप्त्यातला. नाग उजव्या अंगाला. कूस बदलली त्यानं. मेलेला नाग कूस बदलतो का?"

रांगेतले हात आपोआप जोडले गेले. खरं सांगायचं तर मीही दोन्ही फिल्म पुन्हा एकदा बघितल्या.

मी पंकजा. परभणीत पोरापोरींना एक्स-रे काढायला शिकवते, त्याला बावीस वर्षं झाली. त्या दिवशी आमची क्षयरोग तपासणीची गाडी ताडकळसला आली होती. सोबत हातात धरून चालवायचं लहान यंत्र होतं आणि दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी शिवकन्या. पोरगी वालूरची, हुशार, बोलायला कमी. रांगेच्या कडेने जाऊन तिने पहिली फिल्म बघितली आणि तिचं तोंड उतरलं.

"मॅडम, ही आपली फिल्म आहे. मी काढलेली."

फिल्मच्या कोपऱ्यात डावी बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर होतं आणि त्याच्याशेजारी शिवकन्येची खूण. प्रत्येक विद्यार्थ्याने आपली खूण लावायची, हा माझाच नियम आहे. चूक झाली तर कुणाची ते कळावं म्हणून. कळलं.

आधी मला वाटलं, महाराजांनी एक फिल्म उलटी टांगली असणार. फिल्म उलटी केली की कुठलाही नाग कूस बदलतो. पण दोन्ही फिल्मवरचं अक्षर सरळ वाचता येत होतं. म्हणजे पांढरी वळवळती सावली पहिल्यांदा खरोखर डावीकडे होती आणि दुसऱ्यांदा खरोखर उजवीकडे.

"पेशंट कोण होतं?" मी विचारलं.

"सरजाबाई. ज्यांना जट आहे त्या."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. केस गुंतून, तेल-भंडारा बसून त्यांचा दोर झाला की आपल्याकडे म्हणतात, देवीचं बोलावणं आलं. मग त्याला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, परक्याने हात लावायचा नाही. सरजाबाईंची जट मनगटाएवढी जाड, कमरेपर्यंत. तिच्या टोकाला पितळी घुंगरू; लोंबू नये म्हणून ते टोक त्या वळवून वर खांद्याशी खोचायच्या.

माझ्या वर्गाचा पहिला धडा असा आहे: अंगाच्या आत काय आणि अंगावर काय, हे यंत्राला कळत नाही, तुम्हाला कळलं पाहिजे. म्हणून विचारायचं. बुरख्यातल्या बाईला पडद्याआड नेऊन हळू विचारायचं. म्हाताऱ्याचा ताईत त्याच्याच हाताने काढायला लावून त्याच्याच खिशात ठेवायचा. जानेवारीत याच गावच्या तपासणीत शिवकन्येने हे सगळं केलं होतं. आणि सरजाबाई समोर आल्यावर जट वर घ्या म्हणायच्या ऐवजी तिने हात जोडले होते.

"आमच्या आज्जीला जट होती," ती म्हणाली. घाबरली की तिची वालूरची भाषा बाहेर येते. "ल्हानपणी मी हात लावला तर लय मार बसलता. मला वाटलं, पाप लागंल."

झापायला मी तोंड उघडलं. मग आठवलं की त्या दिवशी सत्तर जणांची रांग होती आणि न बघता सही ठोकणारी बाई मीच होते. तोंड मिटलं. मला स्वतःचा भयंकर राग आला होता आणि तो काढायला जवळपास दुसरं कुणी नव्हतं.

सरजाबाई लिंबामागे पोत्यावर बसल्या होत्या. नागाचं घर म्हणून लोक त्यांनाही नमस्कार करत होते. जानेवारीत बरी अंगापिंडाने असलेली बाई आता नुसती हाडं राहिली होती. मांडीवर दीड वर्षाचा नातू. त्या खोकायच्या आणि तो आजीच्या तोंडाकडे बघून हसायचा.

"मावशी, जेवता काय?" मी विचारलं.

"कच्चं दूध. नागाला मीठ चालत न्हाई, म्हून भाकर बंद. भाजी बंद."

"आणि डॉक्टरला का नाही दाखवलं? जानेवारीत फिल्म हातात देऊन मंगळवारी दवाखान्यात बोलावलं होतं."

उत्तर त्यांचे मालक माणिकरावांनी दिलं. "फोटू घिऊन घराकडं निघालो आन वाटंत महाराज भेटले. म्हनले, इंग्रजी गोळीची गरमी नागाला सोसायची न्हाई, डंख मारंल. नागपंचमीला तो आपल्या पायानं जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चार दिवसांखालून थुंकीत रगत यायलंय, बाई. महाराज म्हनत्यात, कात टाकायलाय."

नागाला पाय नसतात हे मी माणिकरावांना सांगितलं नाही. मार्च चालू होता, नागपंचमीला पाच महिने होते. तोवर नाग टिकला असता, सरजाबाई टिकल्या नसत्या.

शिवकन्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "मावशी, मी फोटू काढला त्या दिवशी तुमची जट कोन्त्या खांद्यावरून होती?"

"डाव्या. उजव्या कडंवर नातू होता ना. फोटूला नातवाला खाली ठिवलं, जट तशीच ऱ्हायली."

"आन दुसऱ्या फोटूला?"

"महाराजांनीच धाडलं पूर्णेच्या सरकारी दवाखान्यात, नाग कुठवर आला बघाया. तिथला माणूस म्हनला, जट बाजूला घ्या. मी उजवीकडं टाकली."

म्हणजे त्यानेही जटेला हात लावला नव्हता. शिकलेली माणसं दोन आणि दोघंही एका केसांच्या दोराला बिचकलेली.

शिवकन्या पुढे सरकली. "मावशी, जट डोक्यावर बांधू का? कापणार न्हाई. नुसती वर घिऊन परत फोटू काढते. तुमी हो म्हनलात तरच."

"खबरदार," महाराज बाजेवरून म्हणाले. "जटंला हात लावणाऱ्याचा हात झडतो."

सरजाबाईंनी महाराजांकडे बघितलं, मग पोरीकडे. "बांध की. अठरा वर्षं मीच वागवायले. मान लय दुखती. तवाच का न्हाई म्हनलीस?"

"तवा भ्यालते."

"आन आता?"

"आता बी भ्यालेय," शिवकन्या म्हणाली आणि तिने जट उचलली.

शाळेच्या खोलीत एक्स-रे काढला. नातवाला बाहेर ठेवलं, घुंगरू सोडलं, जट डोक्यावर रुमालाने बांधली. लॅपटॉपवर चित्र आलं. नाग नव्हता. शेपटी, वेटोळं, फणा, मणी, काही नव्हतं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला मात्र लिंबाएवढा डाग होता, मध्ये पोकळ. मी जानेवारीतलं मूळ चित्र उघडलं. तोच डाग, जरा लहान, तिथेही होता. झाडावरच्या फिल्मवर नेमक्या त्याच जागी कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. सगळं गाव डावीकडचा नाग बघत राहिलं आणि उजवीकडचा आजार कुणी बघितला नाही. मीही नाही.

"लोकांना दाखवू का?" मी सरजाबाईंना विचारलं. दुसऱ्याची छाती अशी चावडीवर मांडायची नसते.

"दाखवा. दोन महिने झाले, सगळं गाव बघायलंयच."

लोकांनी बघितलं. महाराज जराही डगमगले नाहीत. "मशीनला बघून लपला," ते म्हणाले. "नाग हाय तो. काय येडा हाय का, दर बारी फोटूला बसायला?" माना डोलल्या. मी हताश झाले. दिसला तर नाग आहे आणि नाही दिसला तर लपलाय, असल्या नागापुढे कोण जिंकणार?

"मॅडम, एक कलिंगड पाहिजे," शिवकन्या म्हणाली. "माणसावर उगाच किरण मारायचे नाहीत, तुम्हीच शिकवलंय."

गोपाळ कलिंगडवाल्याने त्यातल्या त्यात लहान कलिंगड दिलं. जटेचा तुकडा सरजाबाईंनीच सुचवला. दोन वर्षांखाली जटेचा वीतभर शेंडा तुटून पडला होता. तो लाल फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलेला, माणिकरावांनी घरून आणला. त्याच्या टोकाला सरजाबाईंनी स्वतःच्या हाताने घुंगरू बांधलं. शिवकन्येने तुकडा जरा वाकवून कलिंगडावर चिकटवला, लोकांना लांब उभं केलं आणि बटण दाबलं.

लॅपटॉपवर कलिंगड आलं. कलिंगडाच्या पोटात नाग होता. शेपटीसकट, फण्यासकट, मण्यासकट.

लांब उभे लोक लॅपटॉपभोवती दाटले. शिवकन्येने मणी मोठा करून दाखवला. त्याला खाली चीर होती आणि आत एक बारीक गोळी. मग तिने घुंगरू सोडून हातात घेतलं आणि हलवलं.

"महाराज, मणी वाजायलाय."

धुरपताबाई नावाची एक म्हातारी पहाटेपासून दुधाची वाटी घेऊन उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "मंग आता ह्या कलिंगडाला बी नागपंचमीपतुर दूध पाजावं का?"

महाराज हजरजबाबी होते, हे कबूल केलं पाहिजे. डोळे मिटून ते म्हणाले, "कलिंगड कुणाच्या वावरातलं? त्या वावरात नागाचं ठाणं हाय."

इथे त्यांचं चुकलं.

"वावर माझं," गोपाळ म्हणाला. "आन माझ्या वावरात नागबिग काही न्हाई. गाडाभर माल हाय माझा, महाराज. तोंड सांभाळून बोला." सकाळी पहिला नारळ त्यानेच फोडला होता. त्याने सुरा काढून कलिंगडाचे दोन तुकडे केले आणि एकेकाच्या नाकापुढे धरले. लोकांनी वाकून वाकून आत बघितलं. लालभडक गर होता, बिया होत्या.

पहिली फोड त्याने सरजाबाईंना दिली. फोड हातात घेऊन त्या थोडा वेळ थांबल्या. महाराजांकडे बघितलं, बोलल्या मात्र मालकांशी.

"जरा मीठ आणा."

माणिकराव मीठ आणायला धावले, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी बघितले. महाराजांना पूर्णेला काहीतरी तातडीचं काम आठवलं. फिल्म तिथेच राहिल्या. बाज दुसऱ्या कुणाची तरी होती.

एक्स-रे फक्त शंका सांगतो. खात्री थुंकी तपासल्यावर झाली. क्षयच होता, साधा, रोजच्या गोळ्यांनी सहा महिन्यांत बरा होणारा. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. नातवालाही तपासलं आणि आजार होऊ नये म्हणून औषध सुरू केलं.

आता वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. साप साप म्हणून भुई धोपटायची आपल्याला सवय आहे. फिल्मवर काही विचित्र दिसलं तर धोपटायच्या आधी विचारा, त्या वेळी अंगावर काय होतं? पुन्हा काढल्यावर दिसतं का? दुसऱ्या जागी ठेवलं तर सरकतं का? हे विचारायला पदवी लागत नाही. आणि तीन आठवड्यांचा खोकला महाराजांकडे नेऊ नका. ज्यांच्याकडे न्यायचा तेही चुकतात, हे मी वर लिहिलंच आहे. पण आमच्या चुकीवर आमची खूण असते, ती शोधता येते आणि सुधारता येते. महाराज कुठे खूण लावतात?

सप्टेंबरात सरजाबाई शेवटच्या तपासणीला परभणीला आल्या. अंग भरलं होतं. शिवकन्या सवयीने म्हणाली, "मावशी, जट वर घेऊ का?" आणि थांबली. सरजाबाईंनी पदर मागे सारला. डोक्यावर चार बोटं केस होते, नीट विंचरलेले.

"कधी कापली?" शिवकन्येने विचारलं. "नागपंचमीला?"

"काहीतरीच काय बोलतीस, पोरी," सरजाबाई म्हणाल्या. "नागपंचमीला कापू-चिरू न्हाई. दुसऱ्या दिशी कापली."