डाव्या बुटाला आलेला संशय

या घरात एक नियम आहे, आणि त्याला "का?" असं विचारायचं नाही. बूट चावला तरी तोंडातून ब्र काढायचा नाही. नियम आजोबांनी केला, काकानं पाठ केला, आत्यानं सोसला. मी तो ऐकत ऐकत म्हातारा झालो. कारण चावणारा मीच. मी स्कीचा बूट, जोडीतला डावा. उजवा फारसा बोलत नाही. माझं मत तेच त्याचं मत.

माझा जन्म साच्यातला. बाहेरून जाड प्लास्टिकचं कवच, वर चार बकलं, आत मऊ अस्तर. बर्फावरून घसरताना पाय तसूभरही हलू नये म्हणून मला असा दगडासारखा घडवलाय. स्वभावही तसाच आहे. मी कुणावर विश्वास ठेवत नाही, पायांवर तर मुळीच नाही. पाय लबाड असतात. उतार दिसला की दुखतात आणि घर दिसलं की बरे होतात.

माझ्यात पहिला आला तो काकाचा पाय. त्याचं माप घेऊनच आजोबांनी मला विकत आणलं. काका चार हिवाळे बर्फावर हुंदडला, एकदाही कुरकुरला नाही. मग त्याचं पोट सुटलं, हौस फिटली आणि मी आत्याकडे आलो.

"दादाचे आहेत, मला सैल होतात," ती म्हणाली.

"दोन मोजे घाल आणि बकलं आवळ. बूट काय, धाकट्यांनी वापरायचेच असतात," आजोबा म्हणाले.

तिनं आवळली. दुसऱ्या हिवाळ्यात तिनं बर्फावर जाणंच सोडलं. घरानं निकाल दिला, हिच्यात धीर नाही. मलाही ते पटलं. नाजूक पाय, दुसरं काय!

पुढची वीस वर्षं मी जिन्याखालच्या कपाटात काढली. अस्तराला कुबट वास आला, एका बकलाला गंज चढला. मग एक दिवस दार उघडलं आणि आजोबांच्या नातीनं मला बाहेर काढलं. कॉलेज संपवून तिला स्की शिकवणारी व्हायचं होतं. त्याची परीक्षा असते, आणि तीन वेळा नापास झालं की पुन्हा बसू देत नाहीत.

दोनदा ती नापास झाली, दोन्ही वेळा अर्ध्या उतारावर. पोटरीत गोळा यायचा, बोटांना मुंग्या यायच्या, नडगीवर निळा डाग पडायचा. ती तिथेच बर्फात बसून माझी बकलं सोडायची.

"नाचता येईना अंगण वाकडं!" काका म्हणायचा. "मला तर हे कधी चावले नाहीत."

मला त्याचंच खरं वाटायचं. आधी मी पोरीवर संशय घेतला, ही नाटक करते. मग मोज्यांवर घेतला. दोन-दोन जाड मोजे, त्यांच्या घड्या नडगीत रुतायच्या. नंतर उजव्यावरही घेतला. गप्प राहणाऱ्याचा काय भरवसा?

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दुपारी तिनं आम्हाला थेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"टेबलावर जोडे?" आजोबा कडाडले.

"दोन मिनिटं, आजोबा." तिनं माझं अस्तर उपसून काढलं, रिकामं कवच जमिनीवर ठेवलं आणि त्यात अनवाणी उभी राहिली. अंगठा पुढे टेकवला. "भाड्यानं बूट देणाऱ्या बाईंनी हे शिकवलं. टाचेमागे दोन बोटं मावायला हवीत. आत्या, बघ गं."

आत्यानं हात घातला. अख्खी मूठ आत गेली.

"पाय आत घसरतो म्हणून मी बकलं आवळत जाते, आणि त्यानंच रक्त अडतं. काका, आता तू ये."

काका मिशीत हसत आला. पाय सर्रकन आत बसला. टाचेमागे बरोबर दोन बोटं. "बघ!" तो म्हणाला. "कसा चपखल बसला!"

आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

मलाही कळलं. इतक्या जणांवर संशय घेतला, स्वतःवर कधी घेतलाच नाही. मी वाईट बूट नाही, फक्त मी काकाचा आहे. पण ही सबब आत्याला कशी सांगू? ऐकणाऱ्यांनो, कुणी पाय दुखतो म्हणालं, तर माझ्यासारखा आधी त्याच्यावरच संशय घेऊ नका.

"उद्या मी भाड्याचे बूट घालून जाणार," मुलगी म्हणाली.

"घरचे असताना?" आजोबा म्हणाले. "या घरात आजवर बुटाबद्दल कुणी तक्रार—"

"तुम्ही करू दिली नाहीत. आत्या, तू का सोडलंस गं?"

आत्या जमिनीकडे बघत राहिली. "अंगठ्याचं नख दोनदा गळून पडलं. मोजे मी लपून धुवायची. रक्त दिसलं असतं ना."

"ऐकलंत? आणि धीर नाही म्हणे हिच्यात! मी हे घालणार नाही, आजोबा. उद्या नाही आणि कधीच नाही."

आजोबांनी तोंड उघडलं, मग आधारासाठी काकाकडे पाहिलं. काकाचा पाय अजून माझ्यातच होता, अगदी आरामात.