अकराशे सत्तावीसची ओळ

“आधी कॉपी काढायची, मगच फाइलला हात लावायचा. आणि शुक्रवारी ती डिस्क पर्समध्ये घालून घरी न्यायची. एकाच खोलीतल्या दोन कॉप्या मी दोन धरत नाही, कळलं?”

बाईंचा आवाज. बाई जाऊन चार महिने झाले, तरी मी खुर्ची ओढली की तो उजव्या कानाशी येतो. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, खाली चपलांचं दुकान. काम हरवलेल्या माणसांचं. कुणाचा नवरा, कुणाची लेक, घरातून निघाले आणि कुठेच पोचले नाहीत, अशांच्या नोंदी घ्यायच्या. दवाखाने आणि पोलीस अनोळखी माणसांची माहिती पाठवतात, तिच्याशी त्या पडताळून बघायच्या. सगळं एकाच शीटमध्ये. दोन हजार तीनशे अठरा ओळी. रोज कॉम्प्युटर चालू करण्याआधी मी हात जोडते आणि त्यातली दहा नावं मनात म्हणते. चुकवत नाही.

त्या सोमवारी साहेब म्हणाले, “बुधवारी फाइल नव्या सिस्टिमवर चढवायची आहे. ती मंडळी म्हणतात, तुमची फाइल आहे की गोधडी? जरा माणसात आणा तिला.”

गोधडी होतीच. तारखा चार तऱ्हांनी लिहिलेल्या, फोन नंबरांचे पुढचे शून्य गळालेले, बाईंनी भरलेले पिवळे-हिरवे रंग, रकान्यांच्या कोपऱ्यात त्यांच्या टिपा. मी दिवसभर बसून सगळ्या तारखा एका साच्यात आणल्या. सगळी अक्षरं काळी आणि एका मापाची केली. रंग काढले. नव्या सिस्टिमला टिपा चालत नव्हत्या, त्याही काढल्या. शेवटी नाव आणि जन्मसाल जुळणाऱ्या दुहेरी ओळी काढायचं बटण दाबलं. एकेचाळीस ओळी गेल्या. आपलं काम बघून मलाच बरं वाटलं आणि मी सेव्ह केलं. संध्याकाळी सहाला फाइलची कॉपी आपोआप निघते आणि कालच्या कॉपीवर बसते. तीही बसली.

आधी कॉपी मी काढली नव्हती. डिस्क बाईंच्या पर्समधून त्यांच्या घरी गेली होती, आणि त्यांच्या यजमानांसमोर, काकांसमोर, जाऊन ती मागायचा धीर मला चार महिन्यांत झाला नव्हता.

मंगळवारी अकराला फोन वाजला. मंगळवारी अकराला एकच फोन येतो.

“मी गं. अकराशे सत्तावीस आहे ना?”

“आहे, मावशी.” हे मी सवयीने म्हटलं, आणि मग नंबर टाकला.

“वाच.”

त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी कामावर जायला निघाला तो परतला नाही. दर मंगळवारी त्यांना त्याची ओळ वाचून दाखवायची, एवढंच त्यांचं मागणं. मी नंबर पुन्हा टाकला. काही सापडलं नाही. अकराशे अठ्ठावीसखाली थेट अकराशे सव्वीस.

“काय गं, चष्मा विसरलीस? तुझी ती बाई खडूस होती, पण वाचताना कधी अडखळली नाही.”

मला पाठ होतं ते मी म्हटलं. “उंची पाच फूट सात. उजव्या भुवईवर जुनी खूण. निळा स्वेटर, डाव्या कोपराला रफू.”

“रफू मीच केलंय. दोरा काही जुळला नाही, हिरवाच लावला. तो म्हणाला, आई, पोपट बसलाय हातावर.” मावशी हसल्या. “तुझा आवाज असा का येतोय?”

“लाइन खराब आहे.”

“मला वाटलं, काही कळलंय. पण तसं नाही व्हायचं. बाईंनी मला शब्द दिलाय, काही कळलं तर फोनवर नाही सांगणार, घरी येऊन सांगेन. म्हणून तर तुला फोन करायला मी भीत नाही. भीती दारावर टकटक झाली की. परवा गॅसवाला आला तर कडीच काढवेना मेली! त्याला म्हटलं, पुढच्या वेळी आधी ओरड, मग वाजव.”

फोन ठेवला. मी नंबर सोडून नाव टाकलं. एक ओळ सापडली, पण तिचा नंबर एकोणीसशे चार. दूरच्या शहरातल्या दवाखान्याकडून आलेली. प्रकार: अनोळखी पुरुष. स्थिती: मृत. अनोळखी माणसाच्या ओळीत नाव कुठून येईल? मी लिहिलं नव्हतं. नव्या ओळी वर असतात, म्हणून बटणाने ही ठेवली आणि खालची अकराशे सत्तावीस काढून टाकली. तो हाच होता की दुसराच कुणी, हे सांगणारी टीप असलीच तर ती मीच पुसली होती.

त्या दुपारी मी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. वाटत होतं, जिन्यावर एकेचाळीस माणसं गप्प उभी आहेत, दार उघडंच आहे आणि कुणी आत येत नाही. बाईंची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. ती मी फिरवून ठेवली, तर आणखीच वाईट वाटायला लागलं.

ऑफिस सुटल्यावर बाईंच्या घरी गेले. काकांनी दार उघडलं आणि आत वळूनच बोलले, “आलीस? ती म्हणायची, मी नसले तर आठवड्यात येतील बघा डिस्क मागायला. चार महिने कोणी फिरकलं नाही. मी तिच्या फोटोला म्हटलं, घे, तुझ्यावाचून झकास चाललंय ऑफिस!”

“नाही चाललं, काका.”

“ते दिसतंय तोंडावर.” शिवणाच्या डब्यातून त्यांनी डिस्क काढली. रुमालात गुंडाळलेली. “दर शुक्रवारी पुसून ठेवतो. ने, पण परत आणत जा. शुक्रवार फार मोठा असतो गं.”

मी मान हलवली. डिस्क पर्समध्ये घातली.

बुधवारी सकाळी डिस्कची आधी कॉपी काढली आणि मग ती उघडली. बाईंची गोधडी जशीच्या तशी समोर आली. अकराशे सत्तावीस पिवळ्या रंगात जागेवर होती. एकोणीसशे चारही होती, पण तिच्यात नावाचा आणि जन्मसालाचा रकाना रिकामा. मी रकान्यांवर क्लिक केलं, तर वरच्या पट्टीत नाव उमटलं, मग जन्मसालही. बाईंनी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं; सोमवारी मी सगळी अक्षरं काळी केली तेव्हाच ते दिसायला लागलं होतं. मंगळवारचा फोन मी उचलला आणि नजर गेली, तर माझ्या तोंडून निसटू नये म्हणून त्यांनी ते असं लपवलं होतं. बटणाला अक्षरांचा रंग कळत नाही. त्याने दोन ओळी एकाच माणसाच्या मानल्या.

कोपऱ्यात टीप होती. “तोच आहे. भुवईची खूण आणि स्वेटरचं हिरवं रफू जुळलं. दवाखान्याशी दोनदा बोलले. आईला शब्द दिलाय. शुक्रवारी जाते.”

खाली तारीख होती, बुधवारची. गुरुवारी सकाळी त्यांनी नेहमीसारखी डिस्कवर कॉपी काढली होती; दुपारी त्यांना टेबलाशीच चक्कर आली आणि मीच त्यांना पर्ससकट, म्हणजे डिस्कसकट, दवाखान्यात नेलं होतं. तिथून त्या परत आल्या नाहीत. वाटेत त्यांनी दोनदा माझा हात धरून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता. “बोलू नका, बाई, विश्रांती घ्या,” असं मी म्हटलं होतं. त्यानंतर सोळा मंगळवार मी “आहे, मावशी” म्हणत आले. बाईंचा तो शुक्रवार मात्र अजून उजाडलाच नव्हता.

मी एकेचाळीस ओळी परत घातल्या, टिपांसकट, आणि फाइल वेगळ्या नावाने सेव्ह केली. नव्या सिस्टिमसाठीची दुसरी ठेवली. साडेदहा वाजले होते.

“झाली का हो?” साहेब दारातून म्हणाले.

“दोन-तीन दिवस लागतील. दुहेरी ओळी एकेक करून नजरेखालून घालायच्या आहेत.”

“अहो, त्यांना आज हवीय! काय सांगू मी त्यांना?”

“गोधडी उसवायला वेळ लागतो म्हणून सांगा.”

साहेबांना हसू आलं, मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी उठून पदर सावरत होते. “आणि आता कुठे?”

“बाईंचं एक जायचं राहिलंय. अकराशे सत्तावीस.”

त्यांना नंबर माहीत होता. सगळ्यांनाच होता. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “मी येऊ?”

“नको. शब्द बाईमाणसाने दिलाय.”

पत्ता मी शीटमधून कागदावर उतरवून घेतला आणि एकदा पडताळून पाहिला. घर नंबर, गल्ली, पाण्याच्या टाकीशेजारी. स्वेटर दवाखान्याने जपून ठेवला आहे का, हे विचारायला त्यांचा फोन नंबरही घेतला, पुढच्या शून्यासकट. मग देवाचं नाव घेऊन जिना उतरले. बसला वीस मिनिटं होती. तिथे उभी राहिले असते तर कदाचित परत वर आले असते, म्हणून चालायला लागले.