जिंकेल त्यानं चहा पाजायचा

आई अंबाबाईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा हाय. आता शपथ घेणारा पत्त्यातला जोकर हाय, तवा थोडं कमीजास्त धरून चाला.

व्हय, मी जोकर बोलतोय. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत न्हाई. कागद हुतो. दाबलं, गुळगुळीत केलं, तोंडावर हसू छापलं आन् डबीत घातलं. त्या हसण्याचा माझ्या मनाशी काय संबंध न्हाई. पुढं जे झालं ते सगळं मी ह्याच तोंडानं बगितलंय.

दोन कॅटातले आमी चार भाऊ. इस्पिक दश्शी हरवली तवा एकावर बॉलपेननं ‘इस्पिक दश्शी’ लिवलं. तवापासनं तो आमच्याशी बोलत न्हाई. दुसरा चहात पडून वारला. मी आन् धाकटा तेवढं कामावर राहिलो.

आमाला विकत घेतलं प्रभुलिंगनं. मंगळवार पेठेत त्याची पिठाची गिरण हुती, शेजारी मिरची कुटायचा डंख. उन्हाळ्यात बायका चटणीची मिरची घेऊन आल्या की निम्मी पेठ शिंकायची. गिरणीच्या मागं पत्र्याखाली एक बाकडं हुतं. दुपारची जेवणं झाली की तिथं चौघं रमीला बसायचे. एक प्रभुलिंग. दुसरा रुद्रय्या, शाहूपुरीतलं कापडाचं दुकान पोराच्या ताब्यात देऊन मोकळा झालेला. तिसरे अंबादास मास्तर, शाळेतनं रिटायर. चौथा जोतीराम, रिक्षावाला, भाडं नको असलं की यायचा. आन् त्याला भाडं कधीच नको असायचं.

ह्या बाकड्याचा एक नियम हुता. पैसे लावायचे न्हाईत. जिंकेल त्यानं चहा पाजायचा.

नियम प्रभुलिंगचाच. ‘‘हरलेल्याला आणि दंड कशाला?’’ तो म्हणायचा. ‘‘ज्याला आनंद झालाय त्यानं खर्च करावा की.’’ विचार चांगला हुता. चांगल्या विचारानं माणसाचं किती वाटोळं हुतंय ते मला तवा ठावं नव्हतं.

थोड्याच दिवसांत बाकीच्या तिघांच्या ध्यानात आलं की जिंकायचं काय कारण न्हाई.

आता जोकर म्हंजे कसा, कुठल्याबी पत्त्याच्या जागी बसतो. मी हातात आलो की अडलेला डाव सुटतो. जोकर टाकणं म्हंजे दारात आलेली लक्ष्मी हाकलणं. आन् हे तिघं मला रोज हाकलायचे. रुद्रय्याचा डाव लागत आलेला असायचा, एकच पत्ता कमी असायचा आन् मी यायचो. तो चष्मा पुसायचा, मला उलटापालटा करायचा आन् खाली टाकायचा.

‘‘अरं अरं, जोकर गेला व्हय? दिसलाच न्हाई.’’

‘‘रुद्रय्या, डोळं तपासून घे लेका,’’ प्रभुलिंग हसायचा आन् पुढच्या हाताला डाव उघडायचा. मग कोपऱ्यावरनं चहाच्या गाडीवरची चिमणाबाई हाळी द्यायची, ‘‘कोण जिंकलं रं?’’

‘‘आणि कोण? प्रभुलिंग!’’ तिघं एका सुरात.

असं वर्षानुवर्षं चाललं. रोज जिंकणाऱ्या माणसाला काय वाटंल? त्याला वाटलं, आपल्याला खेळता येतंय.

मग मोबाईल आला. म्हंजे मोबाईल आधीच हुता, त्यात रमी आली. जाहिरात अंबादास मास्तरांनी दाखवली. मास्तर पेपर सगळा वाचायचे, टेंडर नोटिसा बी. म्हणाले, ‘‘प्रभुलिंग, हा जुगार नाही बरं का. कोर्टानं म्हटलंय, रमी हा कौशल्याचा खेळ. तुझ्याकडं आहे कौशल्य. आम्ही साक्षीदार आहोत.’’

प्रभुलिंगनं मोबाईलवर अंगठा लावला.

सुरवातीला जिंकला. ते सुरवातीला जिंकू देतात, तेवढं तंत्रज्ञान मला बी समजतंय. मोबाईलनं त्याला ‘डायमंड खेळाडू’ केलं. बाकड्यावर बसून तो सगळ्यांना त्यो हिरा दाखवायचा. आमी पत्ते पालथे पडून असायचो. त्यातला जोकर बी बगितला मी. माझ्यागतच, पण अंगावर पिठाचा डाग न्हाई, कोपरा मुडपलेला न्हाई. मोबाईलचे पत्ते पिसायला हात लागत न्हाईत. समोर कोण बसलंय ते दिसत न्हाई. मोबाईल दमत न्हाई, जेवत न्हाई. माझं साधं मत हाय, जो चहा पीत न्हाई त्याच्याबर खेळायला बसू नये.

सरकारनं त्या खेळावर कर लावला तवा प्रभुलिंग खूश झाला. ‘‘बगा, कर लावलाय म्हंजे धंदाच झाला की न्हाई?’’

‘‘दारूवर बी लावलाय की,’’ आतनं दानम्मा म्हणाली.

दानम्मा त्याची बायको. माहेर नेसरीकडचं, मधीच कन्नडात बोलायची, बहुतेक शिव्या. गिरण तीच बगायची. प्रभुलिंग आता एका हातानं पायली वतायचा आन् दुसऱ्या हातानं खेळायचा. एकदा कुणाच्या तरी ज्वारीत गहू मिसळला, भाकरी थापता येईना म्हणून भांडण आलं. चटणीच्या हंगामाची सगळी कमाई मोबाईलात गेली. मग तो म्हणाला, डंख विकू. एकदा मोबाईलातल्या मोठ्या रकमेच्या टेबलावर बसलो की सगळं भरून निघतंय.

तवा दानम्मा बाकड्याजवळ आली. हात कोपरापातूर पिठात. डाव चालू हुता, तिघांच्या हातात चहाचं ग्लास हुतं. तिनं नवऱ्याकडं बगितलंच न्हाई.

‘‘अण्णा,’’ ती रुद्रय्याला म्हणाली, ‘‘तुमी इतकी वर्षं ह्यांच्याबर बसताय. यल्लम्माची आण हाय, खरं सांगा. ह्यांना खेळता येतंय का? न्हाई म्हणून सांगितलासा तर आत्ता तो मोबाईल डंखात घालते.’’

जोतीरामानं ग्लासात बगितलं. रुद्रय्यानं चष्मा पुसला.

‘‘अक्का,’’ रुद्रय्या म्हणाला, ‘‘पेठेत त्याच्या जोडीचा न्हाई.’’

‘‘आन् तुमी, मास्तर?’’

त्या वक्ताला मी मास्तरांच्या हातात हुतो. त्यांचा डाव लागलेला हुता. तेरा पत्ते, शाळेच्या रांगेगत. मास्तर म्हणाले, ‘‘गुण आहे हो त्याच्यात,’’ आन् मला खाली टाकलं.

मी वरडलो असतो. पण तोंड हसायच्या कामाला जुंपलेलं.

दानम्मा आत गेली. मोबाईल वाचला. आठवडाभरात डंख टेम्पोत चढला. मग पिठाची चक्की गहाण पडली. मग जागा विकायला काढली. जागा घ्यायला गिऱ्हाईक मिळंना तवा रुद्रय्या मैत्रीखातर पुढं झाला. मैत्रीच्या भावात घेतली, म्हंजे पडत्या. चक्की बी त्यानंच सोडवून आणली. ‘‘घरातलीच हाय म्हणायची,’’ म्हणाला. प्रभुलिंगला त्यानं पगारावर ठेवलं, त्याच गिरणीत, त्याच चक्कीवर. दानम्मा आता डंखावर जाते, दुसऱ्याच्या.

हे आषाढात. श्रावण सरता सरता दिल्लीनं कायदा केला की पैशाची रमी मोबाईलवर बंद. कौशल्य असूदे न्हाईतर नसूदे. मास्तरांनी बातमी मोठ्यानं वाचली. ‘‘सरकारनं फार चांगलं केलं,’’ म्हणाले. प्रभुलिंगच्या मोबाईलवर निरोप आला, ‘प्रिय डायमंड खेळाडू, आपल्या साथीबद्दल आभारी आहोत.’ त्यानं तो निरोप वाचला आन् पायली वतायला उठला.

सरकारवर माझा राग न्हाई. सरकार बी चष्मा पुसतंय, मग म्हणतंय, दिसलंच न्हाई.

मग एक दिवस आमाला परत डबीतनं काढलं. तेच बाकडं, तेच चौघं. रुद्रय्या आता मालक, पण नियम त्यानं बदलला न्हाई. जिंकेल त्यानं चहा पाजायचा. प्रभुलिंगचा पगार दानम्माच्या हातात जात हुता. त्याच्या खिशात पिठाशिवाय काय नव्हतं, मला म्हाईत हाय, पुढं मी तिथंच राहिलो.

डाव वाटला. मी प्रभुलिंगला आलो. चार हातांत त्याचा डाव लागला. नुसतं उघडायचं हुतं. त्यानं पत्त्याकडं बगितलं, मग कोपऱ्यावरच्या गाडीकडं. चिमणाबाईनं चहा ठेवलाच हुता.

त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मला खाली टाकलं.

‘‘अरं,’’ तो म्हणाला, ‘‘जोकर गेला व्हय? दिसलाच न्हाई.’’

कोण हसलं न्हाई. डोळं तपास म्हणून कोण म्हणालं न्हाई. तिघं आपापल्या पत्त्यात बगत बसले. प्रभुलिंगनं एकेकाच्या तोंडाकडं बगितलं. मग खाली पडलेल्या माझ्याकडं बगितलं, लई येळ. इतक्या वर्षांत मी कितीदा तसाच पडलोय ते त्याला आठवत असावं. जिंकायचं नसलं की माणूस काय करतोय, ते त्यानं आत्ताच करून बगितलं हुतं.

‘‘पहिल्यापास्नं?’’ त्यानं इचारलं.

जोतीराम म्हणाला, ‘‘चहाच हुता की रं नुसता.’’

‘‘ती पीठभरल्या हातानं इचारत हुती, तवा?’’

रुद्रय्यानं चष्मा काढला, पण पुसला न्हाई. मास्तरांची पाळी हुती. मास्तरांनी माझ्या धाकट्या भावाला टाकलं, माझ्या अंगावर. सवय.

प्रभुलिंग उठला न्हाई. शिव्या दिल्या न्हाईत. ‘‘खेळा,’’ म्हणाला. मग चौघं खेळत बसले, चौघंबी हरायला. पत्ते संपले की पिसायचे, परत वाटायचे. डाव उघडायला कोण तयार न्हाई. चहा उकळून उकळून काळा झाला. चिमणाबाई किटली घेऊन स्वतः आली.

‘‘कोण जिंकलं रं? कुणाच्या नावावर लिवू?’’

प्रभुलिंगनं मला उचललं, खिशात घातलं आन् चक्की सुरू करायला गेला. तवापासनं मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात हाय. बाकड्यावरचा कॅट माझ्याबिगर अपुरा पडलाय, म्हणून खेळ बंद. चक्की फिरती तवा त्याची छाती थरथरती, माझं हसू बी थरथरतं. दानम्मा सदरा धुवायला घेती तवा मला काढून खुंटीखाली ठेवती. काय बोलत न्हाई. कन्नडात बी न्हाई.

माझं एवढंच मागणं हाय. तुमच्या बाकड्यावर कोण रोज जिंकत असंल तर एकदा त्याला खरं सांगा. चहा हातात असला तरी.

आन् पावणं, उठू नका. बाकीचे ऐकणारे मधनंच गेले, शेवटपातूर तुमीच एकटे बसलासा. म्हंजे तुमीच जिंकला. चिमणाबाई किटली घेऊन उभी हाय. चार चहा हायत, गार झालेत, तरी पैसे द्यायला लागतील.