दादांच्या हाताची पारख

लाकूड पेटवलं की झाला कोळसा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दादांच्या भट्टीवर यावं. पेटवलं की राख होते, राख! कोळसा हवा तर लाकडाला हवा न लागू देता भाजावं लागतं. वखारीतले तुकडे, मोडकी खोकी, करवंट्या, फळांच्या कोयी, लोकांनी टाकून दिलेलं सगळं लोखंडी पिंपात भरायचं, झाकण मातीने लिंपायचं आणि खालून जाळ द्यायचा. मग खरी परीक्षा, ती थांबण्याची. कोळसा पुरता निवायच्या आत झाकण उघडलं, की हवा लागून आतलं सगळं भडकतं आणि केलं-सवरलं मातीमोल होतं.

निवलंय की नाही, ते दादा तळहाताने सांगायचे. पिंपाच्या पोटाला हात लावायचा, डोळे मिटायचे, "उघडा" म्हणायचं. पाणी गाळायच्या यंत्रांसाठी कोळसा नेणारा व्यापारी म्हणायचा, "दादा, तुमचा हात म्हणजे हुकमी एक्का!"

आणि नेमका तोच हात गेला. साखरेच्या आजाराने दोन्ही हातांच्या आधी बोटांतली, मग तळव्यांतली जाण मेली. दादांना वाटायचं, जरा मुंग्या येतात एवढंच. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, ते कळलं एका सकाळी. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला नवऱ्याने गार पाण्याचा असावा तसा धरला होता. वहिनींनी तो पटकन काढून घेतला. पण अशा माणसाला सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

मग त्यांनी युक्ती काढली. दादांच्या आधी गुपचूप जाऊन पिंपाला हात लावायचा. जराशी जरी ऊब लागली, की हाक मारायची, "अहो, चहा टाकलाय, पिऊन जा!"

"तुझा चहा बरा मी भट्टीकडे निघालो की उकळतो," दादा कुरकुरायचे. गडी हसायचे.

असं चाललं होतं, तोवर वहिनींची थोरली बहीण पडली, पाय मोडला. जावंच लागलं. निघताना त्या म्हणाल्या, "मी येईपर्यंत भट्टी उघडू नका हं."

"का? तुझ्या हाताने निवते का ती?" दादा म्हणाले. सगळे हसले. वहिनीही हसल्या, काय करणार बापड्या!

त्या परतल्या तेव्हा आवारात पिंप उघडं पडलं होतं आणि आत नुसती राख होती. दादा पायरीवर बसले होते, उजव्या हाताला पट्टी. भडका उडाल्यावर त्यांनी तापलेलं झाकण हातानेच दाबून धरलं होतं. "सोडा, सोडा म्हणून ओरडलो, वहिनी," पिंप लिंपणारा गडी म्हणाला, "सोडेचनात."

"यानेच माती नीट लिंपली नाही," दादा कडाडले. "आतून धुमसत राहिलं. माझा हात चुकणार आहे होय? उद्यापासून येऊ नकोस रे."

गड्याने मान खाली घातली. आता गप्प राहणं म्हणजे पापच होतं. वहिनींनी त्याला बाहेर पाठवलं आणि नवऱ्याला सगळं सांगून टाकलं, चहाचंसुद्धा.

दादांनी पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे मी चारचौघांत डोळे मिटून उभा राहायचो, तेव्हा..." ते थांबले. "तुला हसू नाही आलं कधी?"

"रडू यायचं हो," वहिनी म्हणाल्या, आणि रडल्या.

दादांनी त्याच संध्याकाळी गड्याला परत बोलावलं. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून नुसतंच म्हणाले, "उद्या लवकर ये."

पुढची भट्टी लागली, निवली. गड्याने सवयीने दादांकडे बघितलं.

"मला काय विचारतोस? वहिनींना विचार," दादा म्हणाले आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.

वहिनींनी पिंपाला हात लावला. "उघडा," त्या म्हणाल्या.

कोळसा झकास निघाला, काळाभोर, एकमेकांवर आपटला की काचेसारखा वाजणारा.

"बघू," दादा तोंड न वळवताच म्हणाले आणि त्यांनी डावा हात मागे केला. वहिनींनी चांगलासा तुकडा निवडून त्यांच्या तळहातावर ठेवला. दादा रस्त्याकडेच बघत होते.

"अगं, दे की," ते म्हणाले.