मेला त्याने रिमोट द्यायचा

मी गेमचा रिमोट बोलतोय. दुकानदार मला कंट्रोलर म्हणायचा, पण पोलादपूरच्या या घरात टीव्हीचा, पंख्याचा आणि मी, सगळे रिमोटच. एरवी मी बोललो नसतो. पण आता वीट आलाय, अगदी शिसारी आलीय.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. तिथे माझ्या पोटात दोन इवल्या मोटारी बसवल्या. पडद्यावरच्या वीराला घाव बसला की त्या फिरतात आणि मी थरथरतो. लागलं, हे खेळणाऱ्याच्या हाताला कळावं, एवढंच माझं खरं काम. बटणं काय, मिक्सरलाही असतात.

महाडच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून ओमने मला टीव्हीला जोडायच्या गेमच्या जुन्या खोक्यासकट घरी आणलं. तो एमआयडीसीत कामाला, धाकटी बहीण श्रुतिका तेव्हा कॉलेजात. गेम एकच, राक्षसांचा आणि तलवारींचा. रिमोटही मी एकटाच. म्हणून श्रुतिकाने पहिल्याच दिवशी कायदा केला: मेला त्याने रिमोट द्यायचा.

काय दिवस होते ते! लाकडी ढाल, गंजकी तलवार, त्यांचा वीर पावलोपावली मरायचा. मी थरथरलो की ओम मला डावीकडे बहिणीच्या हातात कोंबायचा, घटकाभरात ती मरून मला परत उजवीकडे. आई चंद्रभागाबाई चुलीपासून ओरडायच्या, "किती येळा मरताय रे? आधी जेवून घ्या, मंग मरा!"

शेवटी फक्त पुलावरचा राक्षस राहिला. तो काही हटेना. तेवढ्यात श्रुतिकाचं लग्न ठरलं, डोंबिवलीला. सासरी निघताना डोळे पुसत ती म्हणाली, "दादा, तो मी आल्याव मारायचा. दोघांनी."

दादाला कुठला धीर! त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून गेम पहिल्यापासून सुरू केला आणि नवा वीर घडवला. रक्त पिणारी तलवार, आलेला घाव उलटवणारी अंगठी, कड्यावरून पडलं तरी अलगद उतरवणारा झगा. तिन्ही एकत्र आले की हा मरतच नाही. मुंगी मारायला तोफ, आणि वर मिशीला पीळ! पाच वेळा अख्खा गेम त्याने असाच संपवला. एक अंगठा माझ्या एका बटणावर, दुसरा हात फरसाणाच्या पिशवीत. समोर डोंगराएवढे राक्षस कोसळताहेत आणि हा जांभया देतोय. तेच तेलकट बोट मग माझ्या अंगावर पुसायचं. आठ महिने मी एकदाही थरथरलो नाही. पराक्रम म्हणे!

जानेवारीत श्रुतिका चार दिवस माहेरी आली. आल्या आल्या आपल्या जागी, डाव्या बाजूला बसली. "चल दादा, पूल बाकी हाय."

"थांब गो, तुला गंमत दाखवतो," म्हणत त्याने नवा वीर काढला आणि पुलावरचा राक्षस एका फटक्यात आडवा केला. मग शाबासकीसाठी तिच्याकडे बघितलं.

"बरा मेला," ती म्हणाली.

पुढचे दोन्ही दिवस दुपारी ती तशीच शेजारी बसली, तळहात गुडघ्यावर उताणा ठेवून. आपल्या पाळीची वाट बघत. आणि हा मूर्ख समजत होता, बहीण खूश आहे.

चौथ्या दिवशी तिची बॅग दाराशी आली, तेव्हा कुठे त्याला तो हात दिसला. "तुला खेळायचं हाय?"

"तू मेलास की."

नुसता दिला असता मला! पण त्या घरात न मरता दिलेला रिमोट म्हणजे दया, आणि श्रुतिकाने तो घेतला नसता, हे त्यालाही ठाऊक. मग सुरू झाली मरायची धडपड. राक्षसांच्या घोळक्यात हात खाली सोडून उभा राहिला, तर अंगठीने तेच मेले. कड्यावरून उडी मारली, तर झगा फुगला. घाम फुटला बेट्याला. बाहेर एसटी स्टँडवर न्यायला आलेल्या रिक्षाने हॉर्न दिला.

"ऱ्हाऊ दे रे दादा," त्याच्या डोक्यावर टपली मारून ती उठली. "तुझ्याच्यानं आता मरणं व्हायचं नाय."

रिक्षा गेल्यावर तो परत टीव्हीसमोर येऊन बसला. मग त्याने यादीतला जुना वीर उघडला, लाकडी ढालीवाला. पुलावर पाऊल ठेवलं आणि राक्षसाची गदा पहिल्याच दमात टाळक्यात बसली. आठ महिन्यांनी मी थरथरलो. मला आनंद व्हायला हवा होता.

ओमने सवयीने मला डावीकडे पुढे केलं. तिथे नुसती चेपलेली उशी होती.

त्याचा हात अजून तसाच पुढे आहे आणि मी त्या हातात. घ्या हो मला कुणीतरी. तो मेलाय.