बियाण्याचं पीठ

"ही चामडी उचल माझ्या फुडनं!" म्हणत हरिश्चंद्रानं ताट ढकललं. पोळी घसरून सारवलेल्या भुईवर पडली. गेल्याच वर्षी लग्न होऊन गिरगावातनं मोरव्यात आलेली सून, रसिका, खाली मान घालून ती उचलायला वाकली. बिचारीनं तूप लावून मऊसूत केली होती.

"तिच्यावर कनाला वरडता?" त्याची बायको कमळाबाई चुलीपासनं कडाडली. "खारं पानी तिनं सोडलं काय शेतात?"

बोलून गेली आणि चुलीत लाकूड सारू लागली.

तीन वर्षं झाली होती त्या गोष्टीला. शेतापलीकडं नव्या वसाहतीसाठी मातीचा भराव पडला, नाला बुजला. भादव्यातल्या उधाणाला पाण्याला वाट मिळेना, बांध फुटला आणि खाडी भातात शिरली. हरिश्चंद्र एकटा छातीभर चिखलात उभा राहून चिखलाची ढेकळं रचत राहिला. बांध काही राहिला नाही. राहिला तो छातीतला दमा. आता चार महिने अंथरुणाला खिळला होता आणि अन्नावरची वासनाच उडाली होती.

शेजारच्या हंसाबेननी एकदा बाजरीचा रोटला आणला. "खाओ ने भाई, गरम छे."

त्यानं मान राखायला दोन घास खाल्ले. "चांगला हाय, बेन. पन ह्यो तुमच्या रानातला. मना माझ्या रानातला पायजे."

कमळाबाईनं दुकानच्या तांदळाची भाकरी करून बघितली. त्यानं एक तुकडा मोडला, चावला, आणि मुकाट्यानं ताट बाजूला सारलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

आढ्याला बियाण्याचा मुडा टांगलेला होता. पेंढ्यात घट्ट आवळलेलं लाल भात, त्या शेतातलं शेवटचं. पडल्या पडल्या हरिश्चंद्राची नजर त्याच्यावरच असायची. एका दुपारी तो म्हणाला, "कमळे, मुडा सोड."

"उन्हात टाकू?"

"न्हाय. कांड."

कमळाबाई मुड्याखाली जाऊन उभी राहिली. "बियानं हाय ते, अवो! बांध घालू पुन्यांदा. मी हाय, आपला पोरगा पराग हाय."

"पराग हाटकेशच्या कारखान्यात जातोय. तो काय बांधावर येनार?" त्याला धाप लागली. मग लहान पोरासारखा म्हणाला, "भूक लागलीय गो मना."

चार महिन्यांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

तिनं मुडा सोडला. दुसरं मुसळ रसिकानं न सांगता उचललं. कांडलं, पाखडलं, जात्यावर दळलं. आधणात पीठ उकडून कमळाबाई ओल्या तळहातावर भाकरी थापू लागली. दाणा जुना, कडा चिरत होत्या. ती पाण्याचं बोट फिरवून सांधत होती. भाकरी तव्यावर फुगली तशी घरभर ओल्या पेंढ्यासारखा वास पसरला.

हरिश्चंद्रानं सुकटीबरोबर दीड भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी पुढं केली. "पोरीला दे. तिनं कवा खाल्ली न्हाय."

रसिकानं घास घेतला. "गोड आहे, बाबा."

"चव ध्यानात ठेव," तो म्हणाला.

त्यानंतर तो नऊ दिवस जगला. रोज एक भाकरी खायचा. दहाव्या दिवशी पीठ उरलं होतं, खाणारा नव्हता.

तेरावं उरकल्यावर कमळाबाईनं त्या उरलेल्या पिठाचा डबा काढला, चूल पेटवली आणि रसिकाला पुढ्यात बसवलं. "हात ओला कर. बोटानं न्हाय, तळव्यानं थाप."

पहिली भाकरी फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरीला भोक पडलं.

"मला नाही जमणार, आई."

"पुन्ना."

चौथी जमली, टम्म फुगली. रसिका हसली आणि हसता हसताच रडायला लागली. पाचवीसाठी तिनं डब्यात हात घातला, तर बोटांना नुसता तळ लागला.

कमळाबाईनं डबा पालथा करून ठेवला.

"उद्यापासून दुकानच्या पिठाची कर," ती म्हणाली. "पन हात ह्योच ठेव."