हवा पोचेपर्यंत

"आता पुन्हा उकडायला लागलंय," मोठ्या सिस्टर दारातूनच म्हणाल्या. "मघाशी बाळांना दोन-दोन दुपटी गुंडाळली, आता सोडत बसलेय. तुमचं यंत्र फार शिकलेलं दिसतंय, बाई. आमचा जुना हीटर अडाणी होता, पण त्यानं असा छळ नाही मांडला कधी."

नव्या हीटरला आपोआप कमी-जास्त करणारा कंट्रोलर तिनंच बसवला होता. नवजात बाळांच्या कक्षाला लागून असलेल्या अरुंद खोलीत, स्टुलावर बसून ती लॅपटॉपवरची रेघ बघत होती. कक्षाचं तापमान दाखवणारी ही रेघ सकाळी जेमतेम डुलत होती. आता दर फेरीला आधीपेक्षा उंच चढत होती आणि आधीपेक्षा खोल कोसळत होती. सिस्टरांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. आणखी एक असा हेलकावा, की सगळी बाळं गाडीत घालून दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायची. त्यातल्या दोघांना तो प्रवास झेपेल का, हे बोलायचं त्यांनी टाळलं. त्या टाळण्यातच सगळं आलं.

फोनवर तिच्या कंपनीतल्या साहेबांचं एकच पालुपद. कंट्रोलर दर पाच सेकंदांनी तापमान वाचतो, तो दर सेकंदाला वाचेल असं कर, म्हणजे चूक लवकर पकडेल. वर्कशॉपमधल्या चाचणीत दर सेकंदाच्या याच सेटिंगनं सगळ्यात कमी वीज खाल्ली होती, हेही त्यांनी वर ऐकवलं.

वर्कशॉपमध्ये हीटर हाताच्या अंतरावर होता. इथे तो तळघरात, आणि गरम हवा अख्ख्या इमारतीतून वळसे घेत वर येणार. ती पोचायच्या आत कंट्रोलर पुन्हा पुन्हा बघायचा, अजून गारच आहे म्हणायचा, आणि दर वेळी हीटर थोडा वाढवायचा. मग ती सगळी ऊब एकदम येऊन आदळली, की घाबरून तेवढ्याच जोरानं उलटं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. त्यांच्या लेकीला, चिमीला, सकाळपासून ताप होता. डॉक्टरांनी दिलेलं औषध पोटात गेलं होतं, तरी इथे हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सारखा फोन करून पांघरूण घाल, काढ, पंखा लाव, बंद कर, हे तिचंच चाललं होतं.

"अगं, तिला झोपच लागू देत नाही आपण," तो म्हणाला. "आत्ता हात जरा गार लागतायत. घालू का परत?"

घाल म्हणून तिनं फोन ठेवला आणि समोरच्या रेघेकडे बघितलं. मग ती बराच वेळ बघतच राहिली.

कंट्रोलर दर वेळी हीटर जेवढा वाढवायचा किंवा कमी करायचा, ते प्रमाण तिनं पावपट केलं. हवा वर यायला चार मिनिटं लागत होती. तापमानाचं वाचनही तेवढ्याच वेळानं एकदा. सिस्टर खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"म्हणजे बघायचंच कमी? आत माझी बाळं, आणि तुम्ही डोळे मिटून घेणार?"

"डोळे उघडेच ठेवायचेत, सिस्टर. हात लावायचा नाही. पाठवलेली हवा पोचू द्यायची."

सिस्टरांनी भिंतीवरच्या, हीटरच्या मुख्य स्विचवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

रेघ चढतच राहिली. मग वळली आणि कोसळायला लागली, थेट ठरलेल्या तापमानाच्या खुणेखाली. तिचं बोट आपसूक कीबोर्डकडे गेलं. एवढासा आकडा बदलायचा, बस. तिनं दोन्ही तळहात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. रेघ आणखी उतरली, रेंगाळली, आणि मघापेक्षा बरीच अलीकडे वळली. पुढचा उंचवटा ठेंगणा निघाला.

स्विचवरचा हात निघाला. "दुपट्यांचं काय करू?" सिस्टरांनी विचारलं. आहेत तशीच राहू देत, ती म्हणाली. आभार-बिभार न मानता सिस्टर आत गेल्या.

फोन पुन्हा थरथरला. "घाम आलाय गं तिला. काढू पांघरूण?"

थर्मामीटर लाव, कपाळ बघ, पुन्हा लाव. सगळं तिच्या ओठांवर आलं होतं.

"जागी आहे?"

"नाही, आत्ताच डोळा लागलाय."

"मग राहू दे. औषधाला त्याचं काम करू दे. उठली की बघ. मी नाही आता फोन करत."

"नक्की?"

"हो." फोन पालथा घालून तिनं लॅपटॉपशेजारी ठेवला. रेघ अजून डुलत होती, पण हलके. तळहातांवर स्टुलाच्या फळीचे लाल वळ उठले होते. तिनं ते एकदा चोळले आणि हात पुन्हा मांडीखाली घातले.